आमच्या कॉम्प्युटरचा नंबर

चहाला चार जण बसले आणि कुणी कॉम्प्युटरचं नाव काढलं, की माझ्या तोंडून गडचिरोलीचे किस्से सुटतात. काय करता! तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही इतके हसलो, की रडलो ते सांगायचं म्हटलं तरी सुरुवात हसण्यापासूनच होते.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, गच्चीवर उपग्रहाची छत्री लागली. मी ऑपरेटर, रामटेकेभाऊ शिपाई, वर साहेब. बस, एवढाच कारभार!

*

एसी फक्त त्याच खोलीत. उन्हाळा लागला की अख्ख्या ऑफिसला मशीनची काळजी! जो तो येऊन विचारायचा, "कॉम्प्युटर बरा आहे ना?" आणि टेकायचा.

रामटेकेभाऊ सगळ्यांना दारातच चपला काढायला लावत. एकदा साहेबांनाही अडवलं. "धूळ तुमच्या बुटाची असली तरी धूळच हाये, साहेब!" साहेब निमूट मोज्यांवर आत आले. मोज्यातून अंगठा बाहेर!

*

छत्रीत वानरं येऊन बसायची. छत्री हलली की दिल्लीच्या ऑफिसाशी जोडलेली लाइन बंद. दिल्लीवाल्यानं फोनवर कारण विचारलं. मी म्हटलं, "बंदर."

"टेक्निकल रीझन बताइए!"

"टेक्निकल बंदर, साहब!"

*

निरोप यायचा तर मशीनला स्वतःचा नंबर लागतो. आमचा नंबर मशीनच्या मागच्या बारीक स्विचांवर होता. काही स्विच वर, काही खाली, इंजिनीअर लावून गेला तसे. ते हलले की आमचे निरोप बाहेरच अडकून पडणार.

धानोऱ्याकडच्या जंगलातला एक म्हातारा हे ऐकून म्हणाला, "आमच्या गावाले नंबर नाई का, बाबू?"

"नाही."

"मंग आमाले निरोप कसा येईन?" तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

*

त्या दसऱ्याला भाऊंची बायको, सुशीलाबाई, चंद्रपूरला दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, तारीख ठरली की बोलावू. पावसानं फोन बंद पडलेले. म्हणून मेव्हण्यानं तिथल्या कॉम्प्युटरच्या ऑफिसातून निरोप टाकायचा आणि तो आमच्या मशीनवर यायचा, असं ठरलं. भाऊ रोज कपड्यांची पिशवी घेऊनच कामावर यायचे.

खांडेनवमीला मशीनची पूजा. भाऊ बौद्ध, पूजेत नसत. म्हणाले, "नारळ तुमी फोडा, पुसून मी देतो. तिचा निरोप याच्यावरच येनार हाये." असं पुसलं, की मागच्या तारासुद्धा चमकल्या.

सुट्ट्या संपल्या. प्रिंटर गप्प. भाऊ सारखे विचारायचे, "आला का जी?"

"नाई, भाऊ."

"म्हंजे बरी असन."

शेवटी मी बॅटरी घेऊन मशीनच्या मागं घुसलो. सगळे स्विच वर! एका ओळीत, ताठ, लखलखीत. वाकडेतिकडे दिसले म्हणून पुसता पुसता नीट लावलेले. मी साहेबांना बोलावलं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सापडलं का जी?" भाऊंनी मागून विचारलं.

मी स्विच पुन्हा लावले. प्रिंटर खडखडायला लागला. कागद फाडायचं काम भाऊंचं. नेहमीसारखाच त्यांनी भोकांवरून सरळ फाडला. निरोप मराठीत, अक्षरं इंग्रजी, पण ती त्यांना लागत होती. पहिला निरोप, सुशीला वाट पाहते, निघा. दुसरा, मी बसस्टँडवर उभा आहे, या. तिसरा वाचून त्यांनी कागद साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, हा माह्यासाठीच हाये."

साहेब वाचून खाली बसले. मला रडू आवरेना. भाऊंनी पिशवी उचलली आणि दारात थांबले.

"काऊन अडला होता जी निरोप? काय झालं होतं मशीनले?"

"बिघाड वरून होता, भाऊ," साहेब म्हणाले. "दिल्लीहून."

"तरी म्हटलं," भाऊ म्हणाले, "मी तं एवढं चांगलं पुसून ठेवलं होतं."