कागदाची मागची बाजू

मच्याडो सरांच्या हातात कागद दिला की आधी ते तो उलटा करत. पुढे काय लिहिलंय ते नंतर. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद व्हायची: कोणी आणला, किती वाजता, खोलीत आणखी कोण होतं. मी माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा तिच्याही पाठीवर ‘म्हात्रे, स्वतः, सकाळी दहा, नातालबाय स्वयंपाकघरात’ असं लिहून त्यांनी ती फायलीला लावली. लग्नाला मात्र आले आणि पोटभर जेवले.

सर मुंबईच्या एका कॉलेजात कायदा शिकवत आणि वसईजवळच्या आपल्या गावी केळीच्या वाडीतल्या घरात राहत. लग्न केलं नव्हतं. घर थोरली बहीण नातालबाय चालवी. तिला अक्षरओळख नव्हती. नायगावच्या मिठागरांतल्या कामगारांची संघटना सरांनी उभी केली होती आणि त्या कामगारांतला पांडूदादा त्यांचा उजवा हात होता. मीही नायगावचाच, तहसील कचेरीत कारकून. रविवारी त्यांच्या घरी जाऊन सरकारविरुद्धची पत्रकं टाइप करायचो आणि सोमवारी त्याच सरकारच्या खुर्चीत बसायचो. कोणाला कळलं असतं तर नोकरी गेलीच होती.

“कागद आपण होऊन कुठे जात नाही, म्हात्रे,” सर म्हणत. “त्याला कोणीतरी नेतं.” खिडकी लावून घेतल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. पोस्टमनला दोन वेळा एकच प्रश्न विचारून उत्तरं जुळतात का ते पाहत. आरोपी निर्दोष धरावा, असं ते वर्गात तळमळून शिकवतात हे मला त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं.

आणीबाणी लागली आणि संघटनेच्या माणसांच्या नावांची यादी लपवायची वेळ आली. आमच्या भागात राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करतात. केळीच्या वाळल्या पानात गुंडाळून पुडकी बांधायची आणि माळ्यावर टांगून ठेवायची. सरांनी यादीची गुंडाळी केली, वर दोन-चार सुकेळी लावली आणि पुडकं बांधायला घेतलं. पण केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ काही त्यांना जमेना. नाइलाजाने मला हात लावू दिला. नातालबाय तेव्हा चर्चला गेली होती. पुडकं इतर पंधरा-वीस पुडक्यांत टांगलं. “हे तुला माहीत आणि मला माहीत,” सर म्हणाले. “नातालला नाही. माहिती कमी असली की माणूस सुरक्षित असतो.”

महिन्याभरात झडती झाली. सर कॉलेजात होते. फौजदाराने कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, काही मिळालं नाही, परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फौजदार यादी हातात घेऊनच आला. सरांना धरलं, पांडूदादाला मिठागरावरून उचललं. पांडूदादा आत असताना त्याची आई वारली. अग्नी द्यायलाही त्याला सोडलं नाही.

माझ्या केसाला धक्का लागला नाही. त्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण मी सरकारी नोकर म्हणून सरांनीच ते घातलं नव्हतं. पण आता तेच माझ्या अंगावर आलं.

सर सुटून आले तोवर माळ्यावरची पुडकी खाऊन, वाटून संपली होती. मोजायला काही उरलं नव्हतं. पुडकं पोलिसांच्या हाती कसं लागलं, हे त्यांनी नातालबायला विचारलंही नाही, मलाही विचारू दिलं नाही. दोघांत असलेली गोष्ट फुटली, आता तिसऱ्याच्या कानावर कशाला, असा त्यांचा न्याय. मला समोर बसवून म्हणाले, “दोघांना माहीत होतं. त्यातला मी नाही.”

“मीही नाही, सर.”

“बरं.” पेन्सिल उचलून त्यांनी ते उत्तरही लिहून घेतलं.

“सर, संशयाचा फायदा आरोपीला देतात ना?”

“कोर्टात. हे घर आहे.”

त्यांनी मला येऊ नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचं म्हणणं, संशयिताला दूर ठेवू नये, समोर बसवावं. आणि मी जायचं बंद केलं असतं तर कबुली दिल्यासारखं झालं असतं. म्हणून दर रविवारी मी जात राहिलो. ते माझ्या हातांकडे पाहत, मी त्यांच्या पेन्सिलीकडे. गावात तर हा संशय उघडच होता. पांडूदादा बांधावर समोरून आला की वाट सोडून चिखलात उतरायचा. एकदा मी त्याला अडवलं. “म्हात्र्या,” तो शांतपणे म्हणाला, “माज्या आयसला पानी पाजाला मी नव्हतो. आता तुज्याशी बोलून काय करू?” त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. सरांचा इतका राग आला होता की वाटलं, खरोखरच सांगितलं असतं तर निदान शिक्षा तरी हक्काची झाली असती.

नातालबाय तेवढी माझ्याशी पूर्वीसारखी वागायची. “आमसा भाऊ असाच हाय,” म्हणायची. “देवालापन साक्षीदार इचारल.”

पुढे बऱ्याच वर्षांनी सर आजारी पडले. एक संस्था त्यांची कागदपत्रं जतन करायला नेणार होती. सरांनी मला बोलावून सांगितलं, “माझे कागद तूच लाव. सगळे वाच. मागच्या बाजूसकट.” मला वाटलं, ही शेवटची उलटतपासणी. मी कोणता कागद चोरतो ते यांना पाहायचंय. तरी हो म्हणालो. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

मी सुट्टी काढून बसलो. ‘म्हात्रे?’ अशी एक जाड फाईलच निघाली. माझी उत्तरं, माझ्या येण्याजाण्याच्या वेळा. आणि अगदी खाली एक पत्र, पाच वर्षांपूर्वीचं. त्या फौजदाराचं. निवृत्तीनंतर लिहिलेलं. ‘झडतीत काही मिळाले नव्हते. निघताना आपल्या भगिनींनी सुकेळ्यांचे एक पुडके हातात दिले. घरी मुलांनी सोडले, तर आत यादी. नोकरी होती, काय करणार? मनाला लागून राहिले म्हणून लिहितो.’

मी पत्र उलटं केलं. तीच पेन्सिल: ‘नातालला कळता कामा नये. पांडूची आई तिच्या जिवाला लागेल. म्हात्रेला सांगितले तर पांडूला सांगेल, गाव तिला विचारील. म्हात्रेने इतकी वर्षे सोसले. तो सोसेल.’

पाच वर्षं या माणसाला माहीत होतं. पाच वर्षं दर रविवारी तो माझ्यासमोर बसत होता. मी त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

नातालबाय चहा घेऊन आली. “एकाच कागदावर एवढा येळ? कोनाचा हाय?”

“त्या फौजदाराचा. जुना आहे.”

“तो होय? बरा होता बिचारा. पानी मागतलं, सगला पसारा केला म्हनून वाईट वाटून घेतलं. मंग मी म्हटलं, आमश्या घरातून कोनी खाली हातान जात नाय. माल्यावरलं एक पुडकं दिलं.” ती कप ठेवून हसली. “बरोबर केलं ना, रं?”

मी पत्राची घडी घातली. “बरोबर केलंत, बाय.”

ते एक पत्र मी खिशात घातलं. बाकी सगळे कागद, माझ्या फाईलसकट, संस्थेत गेले. तिथे जो कोणी ती फाईल वाचेल त्याला फितूर माणूस म्हणून मीच दिसणार. पांडूदादा माझ्याशी न बोलताच गेला. नातालबाय गेल्या पावसाळ्यात गेली, म्हणून आज हे लिहितो आहे. सरांवरचा माझा राग गेलेला नाही. जन्मभर त्यांनी माझ्याबद्दल चुकीचंच लिहिलं. शेवटचं एक वाक्य तेवढं खरं निघालं.