दोरीचं पेन

माझ्या मामाला हॉस्पिटलात सगळे 'पाच' म्हणतात. तोंडावर 'साहेब', पाठ वळली की 'पाच'. तो तिथल्या शिक्षण विभागात कारकून आहे. नवे डॉक्टर तिथे वर्षभर इंटर्न म्हणून राबतात आणि जाताना, आपलं वर्ष कसं गेलं, याचं मूल्यमापन करतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. गेली एकोणीस वर्षं सरासरी चार पूर्णांक नऊ! वरून शाबासकीचं पत्र येतं, मामा ते फाइलला लावतो.

ही सरासरी कशी येते, ते मामाच्या खिडकीपाशी उभं राहिलं की कळतं. फॉर्म तिथेच भरायचा, कारण पेन खिडकीच्या गजाला बांधलंय आणि दोरी आहे वीतभर. दुसरं पेन चालत नाही, शाई एकसारखी लागते. नाव लिहायचं नाही, गुप्तता आहे. फक्त रोल नंबर टाकायचा. मामाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर फॉर्मवर.

"डॉक्टर, निःसंकोच लिहा हं. मी बघत नाहीये." मग लगेच, "त्या तिनाचं काय ते बघा. घाईत होतं असं."

तीन तसाच राहिला, तर फॉर्मवर 'अपूर्ण' असा शिक्का बसतो आणि प्रमाणपत्र तीन आठवडे लांबतं. मामा हे कधी बोलत नाही. नुसता शिक्का हातात धरून बसतो.

यंदा रांगेत त्याचीच मुलगी होती. ताईला सोमवारी दुसऱ्या गावी नोकरीवर हजर व्हायचं होतं, प्रमाणपत्रासकट, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी सोबत होते, कारण नंतर आइस्क्रीम ठरलं होतं.

ताईचं हे वर्ष मी जवळून पाहिलंय. रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचव, रिपोर्ट आण, मोठ्या सरांची गाडी सावलीत लाव. टाके घालायला ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली, मोबाइलवर व्हिडिओ लावून, केळ्याच्या सालीवर. एप्रनच्या खिशातली टाके कापायची कात्री वर्षभरात एकाही पेशंटला लागली नव्हती.

"या, डॉक्टर," मामा म्हणाला. खिडकीत तो मुलीलाही डॉक्टरच म्हणतो. "निःसंकोच लिहा. मी..."

"बघत नाहीये. माहितीये, बाबा."

पहिला प्रश्न: वरिष्ठांनी पेशंटपाशी उभं राहून शिकवलं का? फॉर्मवर शून्य छापलेलंच नाही. ताईने ते स्वतः काढलं. चांगलं गरगरीत.

"डॉक्टर, हे चुकून झालंय."

"नाही, बरोबर आहे."

शिक्का उचलला गेला. मामाचा आवाज खाली आला. "अगं, सोमवारी हजर व्हायचंय ना? कर की पाच. तुझं काय जातंय?"

"बाबा, पुढच्या महिन्यात तुमचं हर्नियाचं ऑपरेशन. स्टाफला इथे फुकट आहे. मग तुम्ही पलीकडच्या हॉस्पिटलात का नाव नोंदवलंत?"

"काय आहे ना... म्हणजे बघ... इथे टाके घालणारे इथेच शिकलेत."

अख्खी रांग खिदळली. मामा सोडून. तो हातातल्या शिक्क्याकडे बघत राहिला. मग त्याने शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला, ताईचं प्रमाणपत्र काढलं, त्यावरची सही दोनदा तपासली आणि खिडकीतून सरकवलं.

फॉर्म भरून बाजूला थांबलेल्यांपैकी एक लंबू म्हणाला, "साहेब, मला नवा फॉर्म मिळेल? माझे पाच घाईत लागलेत."

"माझेपण!"

मामाने गठ्ठाच बाहेर ठेवला. "त्या बाकावर बसून भरा. इथे गर्दी नको."

लंबूने पेन ओढून बघितलं. वीतभर. ताईने खिशातून कात्री काढली आणि दोरी कचकन कापली.

"वाकडं कापलंस," मामा म्हणाला.

"शिकवलंय कुणी?" ताई म्हणाली.