जाधव सरांचे जर्मन जोडशब्द

चार नर्सेस जमल्या की पेशंटचे किस्से निघतात. आमच्यात शब्दांचे निघतात, अन् संपतच नाहीत! बीडला स्टँडमागच्या क्लासमध्ये आम्ही सहाजणी जर्मन शिकत होतो. पास झालो तर तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी, नापास तर वर्ष वाया. जाधव सर रोज फळ्यावर एक लांबलचक विशेषण लिहायचे आणि त्याचे तुकडे पाडून दाखवायचे.

पहिलं 'श्टाइनराइश'. श्टाइन म्हणजे दगड, राइश म्हणजे श्रीमंत. "दगड म्हणजे रत्नं बरं का! गडगंज श्रीमंत."

तलवाड्याची सुनंदा म्हणाली, "सर, आमच्या रानात नुसते दगडच हायेत. आमी लई श्टाइनराइश!"

* * *

मग आला 'हुंडेम्यूडे', म्हणजे प्रचंड दमलेला.

शबानानं विचारलं, "कुणाचे हुंडे देऊन, सर?"

"अगं, हुंड म्हणजे कुत्रा!"

* * *

इंटरव्ह्यूच्या दिवशी वंदना ड्युटी करून तशीच लॅपटॉपसमोर बसली. सर अन् आम्ही दाराबाहेर, कान लावून. जर्मन बाईंनी विचारलं, "कशा आहात?" वंदनाला तो कुत्र्याचा शब्द आठवेना. 'जन्माची दमलेय' म्हणायला तिनं स्वतःच एक जोडला. लेबेन म्हणजे आयुष्य, म्यूडे म्हणजे दमलेलं.

"मी लेबेन्सम्यूडे आहे!"

बाईंचा चेहरा उतरला. एकदम हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?"

वंदनाला वाटलं, कॉपी तपासतायत. ताठ बसून म्हणाली, "कुणीच नाही!"

सर दार ढकलून आत धावले. "अगं, 'जगायचा कंटाळा आलाय' म्हणालीस तू!"

दहा मिनिटं सर बाईंना समजावत होते, वंदना रडत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "मग नेमकं झालंय काय?"

"झोप आलीय."

सिलेक्ट झाली!

* * *

सुनंदाचा व्हिसा आला आणि तिची आई थेट क्लासमध्ये येऊन थडकली. पोरीला घरी न्यायला.

"न्हाई धाडायची मला. कावून धाडू इतक्या लांब?"

सुनंदा मान खाली घालून बसलेली. फळ्यावर नेमका त्या दिवशीचा शब्द होता, 'मुटरझेलेनअलाइन'.

"ह्ये काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

सर अडखळले. "मुटर म्हणजे आई. झेलेन म्हणजे जीव. अलाइन म्हणजे एकटं. आईच्या पोटी जन्मलेला एकही जीव जवळ नाही, इतकं एकटं."

मावशी फळ्याजवळ गेल्या.

"ह्यातलं एकटं कुठलं?"

सरांनी बोट दाखवलं. मावशींनी पदरानं तेवढंच घासून घासून पुसलं.

"आता वाचा."

"मुटर... झेलेन."

"हां. आता जाऊ द्या तिला तिकडं."