मबरूकाची पाण्याची यादी

ऐन सगीर नावाच्या वाळवंटातल्या गावी खजुरीबागांना पाणी पाळीनं मिळतं. पाटावरचं कुणाचं दारं कधी फोडायचं अन् कधी बुजवायचं, हे चाळीस वर्षं एकट्या लझ्हर काकाच्या डोक्यात होतं. पाटकरी म्हणजे तोच. त्याचे गुडघे गेले तेव्हा पाणीसंस्थेनं शहरातून इंजिनिअर आणला. त्यानं काकापाशी बसून सगळी रीत डेटाबेसातल्या एका फंक्शनमध्ये घातली अन् गेला. त्या फंक्शनला तारीख द्यायची, दिवस की रात्र ते सांगायचं, की ते बागवाल्याचं नाव देई.

विचारायचं काम मबरूकाचं. खजूर निवडायच्या शेडातून ही कचेरीत आलेली. मॅक्रो लिहायला आपली आपणच शिकली. बटण दाबलं की तिचा मॅक्रो फंक्शनला हाक मारी अन् आठवड्याची यादी तक्त्यात उतरे.

पहिली यादी लागू झाली अन् त्याच दिवशी बोंब उठली. गुरुवारी दिवस मावळताना विधवा सालिहा सवयीनं आपलं दारं फोडायला गेली, तर शेजारचा बागवाला तिजानी यादी घेऊन तिथं उभा. खोरी उगारली गेली. सकाळी दोघं कचेरीत.

“कागद वाचून खजूर पिकत न्हाई, बये! ऐन घड भरताना माझं पाणी तोडलंस!” सालिहा मबरूकावर ओरडली.

“मग मी काय चोर हाय? नाव माझं लिवलंय!” तिजानीनं यादी आपटली.

संस्थेचा अध्यक्ष एवढंच म्हणाला, “उद्याच्या शनवारची यादी चुकली तर मबरूका, शेडात जागा हाय तुझी.”

मबरूकानं मॅक्रोची ओळ न् ओळ तपासली. इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “फंक्शनला हात लावू नका. काकानं सांगितलं तसंच लिहिलंय.”

मग तिनं काकालाच गाढवगाडीत घालून आणवला. त्यानं यादीवर बोट फिरवलं.

“दिवसाच्या पाळ्या बरोबर हायत. रातीच्याच तेवढ्या एक दिस मागं पडल्यात. पोरी, शुक्रवारची रात कवा लागती?”

“शुक्रवारी संध्याका–” म्हणता म्हणता मबरूकानं जीभ चावली.

“तुझी आजी असती तर कान उपटला असता. गुरुवारचा सूर्य बुडला की शुक्रवार लागला! मी त्या साहेबाला तसंच सांगितलं.”

मबरूकाला हे ठाऊक नव्हतं असं न्हाई. जुम्याच्या राती, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, लागलेली लग्नं तिनं जेवली होती. पण कॉम्प्युटरचा दिवस मध्यरात्री बदलतो, अन् तिचा मॅक्रो रातीच्या पाळीला तीच तारीख धाडत होता. फंक्शन बिचारं जुन्या रीतीनं आदल्या संध्याकाळचं नाव परत देत होतं.

तिनं मॅक्रोत एक ओळ घातली: पाळी रातीची असंल तर तारखेत एक मिळव. फंक्शनला बोटही लावलं न्हाई. बटण दाबलं. काकानं यादी वरून खालपर्यंत वाचली, गुरुवारच्या संध्याकाळपाशी बोट थांबवलं.

“सालिहा. हां. आता चहा पाज.”

पुढल्या शुक्रवारी मबरूका सकाळीच कचेरीत येऊन दाराकडं तोंड करून बसली. आठ वाजले, नऊ वाजले. शिव्या द्यायला कुणी आलं न्हाई. दहाला तिनं पाय खुर्चीवर घेतले अन् हरिसाची लाल चटणी लावलेल्या भाकरीचं फडकं सोडलं.