मेस्त्रींचा जपानी पावा

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करून सगळ्यांना दटावायचं, "गप ऱ्हावा! बोलतंय." हे आमचे मेस्त्री. मिरकरवाड्याच्या बंदरावर तुम्ही दोन-चार दिवस जरी काढले असतील, तरी हे दृश्य तुम्ही पाहिलं असणार. खोकणारं इंजिन, भोवती हवालदिल तांडेल आणि खलाशी, आणि मध्ये डोळे मिटून उभा असलेला हा काटकुळा माणूस. दोन मिनिटांनी निकाल मिळायचा, "तिसऱ्याचा वॉल्व्ह. आनि पानी खातंय." तो निकाल चुकलेला मी तरी कधी पाहिला नाही.

बंदराच्या रस्त्यावर माझं बोटींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मेस्त्री रोज सकाळी यायचे, मी काही विचारायच्या आत काउंटरमागे शिरून स्वतःच खोकी उपसायचे आणि वर मलाच ऐकवायचे, "शेठ, तुमाला तुमच्याच दुकानाचा पत्ता नाय." पंचवीस वर्षं आमची ही भांडणं चालली. मी तसा तापट माणूस, पण त्यांच्यावरचा राग मला संध्याकाळपर्यंत कधी टिकवता आला नाही.

मग त्यांची बायको विसरू लागली. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग एक दिवस पोटच्या मुलीला तिने विचारलं, "तू कुनाची गो?" डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध चालू ठेवा म्हणाले. बरं वाटेल असं मात्र म्हणाले नाहीत. हळूहळू वहिनी पार गप्प झाल्या. मुलगी दापोलीला दिलेली, ती पंधरा दिवसांनी एकदा येऊन जायची. बाकी न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं मेस्त्रींकडे. बंदरावर ज्याच्याशी लोखंडसुद्धा बोलत होतं, त्याच्या घरात घरचं माणूस बोलत नव्हतं. मला हे सुचलं तेव्हा माझीच मला लाज वाटली.

एके दुपारी मेस्त्री धापा टाकत दुकानात आले. "शेठ, बोलली! आट महिन्यांनी बोलली!"

झालं होतं ते असं. वहिनींना शेजारी बसवून मेस्त्री फोनवर व्हिडिओ बघत होते. एकामागून एक आपोआप लागत जातात तसा एक लागला. त्यात एक म्हातारा जपानी जाडजूड बांबूचा पावा वाजवत होता. आवाज खर्जातला, अर्धा सूर आणि अर्धी नुसती हवा. वहिनींनी मान वळवली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकलात काय? कोन आला बगा." मेस्त्रींनी खरोखरच दार उघडून पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

नंतर तो व्हिडिओ त्यांनी किती वेळा लावला त्याला गणती नाही. वहिनींनी पुन्हा मान वळवली नाही. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. पण मेस्त्रींचं डोकं इंजिनातून तयार झालेलं.

"फोनवर इंजिन ऐकवून कोनी इचारलान काय बिघाड, तर मी सांगतो काय? बोटीवर जातो, हात लावतो. फोनातला आवाज मेलेला असतो शेठ. तिला जित्ता आवाज पायजे."

"मग एक मागवा आणि शिका वाजवायला."

"मागवला. पलास्टिकचा आला. तो पावा नाय, नळ हाय."

म्हणजे पावा घरीच करायचा ठरलं. ज्या माणसाने कधी भजनात टाळही धरला नव्हता, तो जपानी पावा करायला निघाला. मी हसलो. बंदर तर महिनाभर हसत होतं.

त्या जपानी म्हाताऱ्याचे व्हिडिओ हेच त्यांचं गुरुकुल. भाषा कळत नव्हती, पण हात कळत होते. बांबू मुळासकट खणून काढायचा, मुळाकडचं टोक खाली ठेवायचं, पुढे चार भोकं, मागे अंगठ्याला एक, वरच्या टोकाला एक तिरकी कापणी. शिट्टी नाही, जिभली नाही. फुंकणाऱ्याच्या ओठांवर सगळा भरवसा. मेस्त्रींनी राजापूरकडच्या मेव्हण्याच्या परसातून माणगे, म्हणजे आपल्याकडचे बांबू, खणून आणले. आता आपला माणगा बुंध्याशी भरीव. जपान्याचा बांबू आतून पोकळ, त्याला नुसता साफ करावा लागतो. ह्यांना काठीतून नळी कोरायची होती. माझ्याकडून ड्रिल नेऊन त्याला हातभर गज वेल्ड केला आणि अर्धा इंच, पाव इंच करत आतून कोरत बसले. पहिल्या दोन माणग्यांत ड्रिल बाजू फोडून बाहेर आलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. कुणीतरी व्हिडिओवरची अक्षरं मराठीत करून दिली, तेव्हा ती कळली.

"बांबू पाच वर्सां वाळवायचा म्हनतोय." मेस्त्री माझ्या स्टुलावर मटकन बसले. "ती आता पेज पन धड गिळत नाय. पाच वर्सां मी खयसून आणू?"

मी उगाच नट-बोल्ट निवडत बसलो.

चार दिवसांनी त्यांनी तोड काढली. बंदरावरचे सगळे तांडेल त्यांच्या शब्दातले. त्यांनी एकेका बोटीच्या इंजिनखोलीत छताला एकेक माणगा टांगला. बोट समुद्रात गेली की आठ-आठ दिवस खाली इंजिन तापलेलं, वर माणगा भाजतोय. बोट परत आली की मेस्त्री आधी धक्क्यावर. खलाशी मासळी उतरवायच्या आधी ह्यांचा बांबू उतरवून द्यायचे आणि विचारायचे, "काय मेस्त्री, पिकला काय?" आता कुणी हसत नव्हतं.

बहुतेक माणगे तडकले. उरलेल्यांना डिझेलचा वास. तडकलेल्यांना जाळ्याचं तंगूस, ती नायलॉनची दोरी, आवळून बांधायचं, आतून होडीचं रेझिन फिरवायचं, भोकं पाडायची, फुंकायचं. नुसती हवा. दुकानात बसून फुंकायचे, बोटीवर बसून फुंकायचे. चक्कर यायची, तोंड पांढरं पडायचं. एकदा मी खेकसलो, "अहो, तुम्ही मराल आणि मग तिला बघणार कोण?"

ते शांतपणे म्हणाले, "तिने एकदा मना हाक मारली पायजे. मंग काय व्हायचा तो होऊ दे." एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. मी पुन्हा त्यांना कधी अडवलं नाही.

नववा पावा बोलला. माझ्याच दुकानात, उन्हं उतरता उतरता. ओठ कुठेतरी बरोबर बसले आणि त्या डिझेलचा वास मारणाऱ्या दांडक्यातून असा खोल आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला. मेस्त्री दचकले. पुन्हा फुंकलं, पुन्हा आला. "शेठ, शटर ओढा," एवढंच म्हणाले आणि निघाले. मी मागून जवळजवळ पळतच होतो.

वहिनी मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, भिंतीकडे बघत. मेस्त्री समोर जमिनीवर बसले आणि फुंकू लागले. आवाज लागत होता. घर भरून जात होतं त्या आवाजाने. वहिनी भिंतीकडेच बघत होत्या. मेस्त्रींनी जवळ सरकून फुंकलं. दाराआड जाऊन फुंकलं, कोण आलंय असं वाटावं म्हणून. पुन्हा समोर येऊन फुंकलं. खालचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. मी म्हटलं, "पुरे मेस्त्री." शेवटी दम संपला. पावा वहिनींच्या मांडीवर टाकून ते खाली डोकं घालून रडले. लहान मुलासारखं नाही, म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता. मी चपला घालायला वळलो, कारण तिथे थांबणं मला शक्य नव्हतं.

तेवढ्यात वहिनी उठल्या. कुणी हात न धरता उठल्या. पावा हातात घेऊन, तो वरखाली बघून, सरळ मागच्या पडवीत गेल्या. तिथे त्यांच्याच आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलेलं होतं आणि जाळ विझत आला होता. त्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या, मुळाकडचं टोक निखाऱ्यांत खुपसलं, दुसरं तोंडाला लावलं आणि फुंकलं. सबंध जन्म फुंकणी हातात धरलेली बाई ती. त्यांनी पावा कशाला म्हणावं त्याला?

"लाकडां ओली हायत," त्या म्हणाल्या.

मेस्त्री दारात थिजून उभे. वहिनींनी पुन्हा फुंकलं. वारा वाटेतच भोकांतून निसटत होता. त्या वैतागल्या. "ह्या भोकां कोनी पाडलान हिला?"

मेस्त्री धावले. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांची बोटं, जशी पडली तशी, त्या पाचही भोकांवर दाबून धरली. वहिनींनी फुंकलं. राख उडाली, जाळ भपकन वर आला.

"हात काडा," वहिनी म्हणाल्या, "भाजंल."

त्यांनी हात काढले नाहीत. पाणी कढत होईपर्यंत ते दोघं तसेच बसून होते, ती फुंकत आणि हा भोकं बुजवून. मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री दुकानात आले आणि हात पुढे केला. एका बोटावर टरारून फोड आला होता. "माझ्याशी बोलली शेठ. हात काडा बोलली. मना बोलली." वहिनींनी ते नवऱ्याला म्हटलं की समोर बसलेल्या कुणालाही, मला माहीत नाही. मी तसं बोलून दाखवलं नाही. मलमाची ट्यूब शोधत होतो, तर म्हणाले, "मलम नको. ऱ्हाऊ दे तो."

त्यानंतर वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी दुपारी पेज भरवता भरवताच त्या गेल्या. मेस्त्रींच्या हातात चमचा तसाच राहिला होता.

तेरावं झालं आणि मी त्यांच्याकडे गेलो. मुलगी आत त्यांचे कपडे भरत होती, त्यांना दापोलीला नेणार होती. मेस्त्री ओट्यावर बसून डाव्या हाताची बोटं एकेक करून चाचपत होते. मला बघताच त्यांनी हात माझ्यापुढे धरला.

"शेठ, तुमी बघितलेलात. कुठच्या बोटावर होता ओ फोड? बरा झाला मेला. आता गावत नाय."

मी तो हात हातात घेतला. इंजिनांनी आयुष्यभर कापलेली, पोळलेली बोटं ती, डागांवर डाग. त्यात नवी कातडी कुठली ते कळत नव्हतं. आणि मला आठवत नव्हतं. त्यांनी दाखवला तेव्हा मी ट्यूब शोधत होतो, नीट पाहिलंच नव्हतं.

मी करंगळीशेजारचं बोट धरलं. "हे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घेतलं आणि दापोलीची गाडी सुटेपर्यंत सोडलं नाही.