लाईट येऊ द्या

परळीतल्या आमच्या चर्चमध्ये बीडहून एक स्तुतिगायक आला होता. त्याचं नाव विसरलो, घसा लक्षात राहिला. प्रत्येक 'हालेलुया'ला तो इको वाढवायला लावायचा. रडताना एकच डोळा मिटायचा, दुसरा समोरच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर असायचा. पहिल्या रांगेत एक म्हातारी आपली पुटपुटत प्रार्थना करत होती. हा माइकवरून म्हणाला, "मावशी, जोरात बोला की. असं पुटपुटून देवाला काय ऐकू जातंय?"

तेवढ्यात लाईट गेली. वीज बनवणाऱ्या गावातही ती जाते. त्यानं वर उचललेले हात खाली घेतले. "थांबा, लाईट येऊ द्या, मग करू स्तुती," म्हणत तो रुमालानं वारा घेत बसला.

म्हातारीचं पुटपुटणं चालूच होतं. आता ते शेवटच्या रांगेत मलाही ऐकू येत होतं.