मुरुमच्या वाटेवर ऐकलेला आवाज

ईटहून मुरुमला निघालो ते मेव्हण्याच्या नातवाच्या जावळाला (बाळाचे पहिले केस काढायचा कार्यक्रम). मुरुम हे माझ्या बायकोचं, कौसल्येचं माहेर. ती गेल्यापासून तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. जिल्ह्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचं, म्हणून सकाळचीच एस.टी. धरली.

खरं सांगायचं तर जावळ निमित्त होतं. मेव्हण्याची पोरगी सविता, तिनं माहेरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलात भरल्या होत्या. त्या आता इंटरनेटच्या एका पानावर ठेवल्यात. तिचा फोन आला, "मामा, आत्याचा आवाज पण आहे. ओवीच्या आधी तिला तुमचं नाव विचारलंय."

"मग घेतलं का तिनं?"

"ते तुम्हीच ऐका." एवढ्यात रेंज गेली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. "आवं" आणि "ऐकलं का" यातच आमचा संसार झाला. लग्नात उखाणा घेतला असेल, पण वाजंत्र्यांनी असा गोंधळ घातला होता की मला काही ऐकू आलं नाही. तिच्या तोंडून माझं नाव कसं लागतं, ते एकदा ऐकायचं होतं. तेही एकट्यानं, मेव्हण्याच्या घरी पोचायच्या आत. म्हाताऱ्या माणसानं पाहुण्यांत रडू नये.

आमची वस्ती खड्ड्यात आहे. सवितानं पाठवलेल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की पडदा पांढरा होतो आणि मधे चक्र फिरत बसतं. म्हटलं, वाटेत कुठं तरी उघडेल.

गाडीत मोबाईल खिडकीबाहेर धरून बसलो. कंडक्टर ओरडला, "आजोबा, हात आत घ्या. रेंज काय वारा हाय व्हय, बाहेर जास्त लागायला?" सगळी गाडी हसली. मी हात आत घेतला.

येरमाळ्याच्या घाटावर चढलो आणि पान उघडलं. आधी अक्षरं आली. अक्षरं हलकी, ती लवकर येतात. फोटो जड. आवाज त्याहून जड. "कौसल्याबाई, मुरुम" एवढं वाचलं. ईटचं नावच नाही! जरा राग आला. मग गाडी उताराला लागली आणि पान गेलं. पुढच्या टावरला परत पहिल्यापासून.

ढोकीला गाडी बदलायची होती. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग, आणि हवेत मळीचा आंबूस वास. कागदावर भजी घेतली आणि बाकड्यावर बसलो. फोटो वरून खाली उतरायला लागला. आधी भिंत आली, मग पदर, मग कपाळावरचं कुंकू. तिथंच थांबला. शेजारी एक ऊसतोडणीवाली बाई गाठोडं घेऊन बसली होती, ती वाकून बघायला लागली.

"कोण वो?"

"मालकीण माझी. गेली."

तिनं परत पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "डोळं यायचं राहिलं की."

"रेंजच्या दांड्या तर चार हायत्या."

"दांड्या काय चाटायच्या हायत्या, बाबा? आमच्या समद्या टोळ्या ह्या येळंला जेवायला बसत्यात आन् गावाकडं लेकरांस्नी बघत्यात फोनवर. वाट एकच, गाड्या लई. ते बघा की," असं म्हणून तिनं ट्रॅक्टरांकडं बोट केलं.

मी तिच्यापुढं भजी धरली. तिनं दोन घेतली. माझी गाडी लागली तरी डोळे आले नव्हते.

तुळजापूर, नळदुर्ग मागं टाकत मुरुमला उतरलो, तर नेमका आठवड्याचा बाजार. पाय ठेवायला जागा नाही. इकडं कर्नाटक जवळ, बोलण्यात कानडी येतं. मिरचीवाली म्हणाली, "बन्नी मामा (या मामा), लवंगी घ्या."

"मिरची नको बाई. रेंज कुठं मिळंल?"

"बाजारात? आज समदा मुलूख हितं फोन घिऊन आलाय. रानाकडं जावा. तिकडं माणूस कमी, पान पळतंय."

गावाबाहेर तुरीच्या रानाच्या बांधावर जाऊन बसलो. बोट ठेवलं. फोटो एका दमात उतरला. डोळे आले. खालच्या खुणेवर बोट दाबलं आणि ती बोलली.

सविता विचारते, "आत्या, मामांचं नाव सांग."

"न्हाय बाई. नाव घेटलं की त्येंचं आयुष्य कमी व्हतंय."

बायका हसतात. कुणी तरी म्हणतं, "उखाण्यात घे की गं."

"लगनात घेटलं तेवढं बास. परत कशाला? माझ्या मागं ऱ्हावं त्येंनी. साधा चहा करता येत न्हाय, तरी ऱ्हावं."

मग जात्याची घरघर आणि ओवी. ओवीत सगळा भाऊच होता. मी बांधावर बसून रडलो. कुणी बघत नव्हतं.

मेव्हण्याच्या घरी सविता दारातच भेटली. "ऐकलं?"

"ऐकलं."

"वाईट वाटलं का, नाव नाही घेतलं म्हणून?"

"वाईट कशाला? जिवाला जपत व्हती माझ्या."

तिनं तो आवाज माझ्या मोबाईलात उतरवून दिला. आता रेंज नसली तरी चालतो. जावळ झालं, कडक भाकरी (ज्वारीची वाळवलेली पातळ भाकरी) आणि शेंगाचटणी खाल्ली, बाळाच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. आणखी चटणी बांधून दिली, ती घेऊन दुसऱ्या दिवशी ईटला परत आलो.

ती गेल्यापासून मी रोज सकाळी उठून म्हणायचो, म्या कशाला मागं राहिलो. देवाला विचारलं, लेकाला विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. आता विचारत नाही. तिला मी राहायला पाहिजे होतो, म्हणून राहिलोय.